आर्केनममधील जादू आणि तंत्रज्ञान

आर्केनम या संगणकीय खेळातील पात्रघडणीचे दोन परस्परविरोधी मार्ग म्हणजे जादू आणि तंत्रज्ञान होत. ‘आर्केनम: ऑफ स्टीमवर्क्स अँड मॅजिक ऑब्स्क्युरा’ असे या खेळाचे पूर्ण नाव आहे. तो अमेरिकेतील ट्रोइका गेम्स या संस्थेने घडवला आणि सिएरा या प्रकाशकाने ऑगस्ट २००१ मध्ये विंडोज प्रणालीसाठी प्रसिद्ध केला. हा ‘रोल-प्लेइंग’ म्हणजे भूमिका निभावण्याच्या प्रकारातील खेळ असून त्यात खेळाडू एक पात्र स्वतः घडवतो आणि त्या पात्राच्या नजरेने एक काल्पनिक जग पाहतो. अद्भुतरम्य खेळांत जादूगार आणि योद्धे नेहमीच असतात. येथे त्यांच्यासमोर वाफेचे इंजिन, बंदूक आणि विजेची उपकरणे उभी आहेत. पात्र जसजसे एका बाजूस झुकते तसतशी दुसरी बाजू त्याला पारखी होत जाते, हा या खेळाचा मूळ नियम होय.

शब्दांविषयी

मराठी वाचकाला या विषयात आरंभीच एक अडचण येते. खेळाने जे दोन ध्रुव मानले आहेत त्यांना आपल्या भाषेत पुष्कळदा एकच शब्द आहे. ‘यंत्र’ म्हणजे गिरणीतले यंत्र आणि ताईतात घालायचे, भूर्जपत्रावर रेखाटलेले यंत्रही. ‘तंत्र’ म्हणजे कामाची रीत, तसेच मंत्रतंत्रातले तंत्र. ‘तांत्रिक बिघाडामुळे गाड्या उशिराने धावत आहेत’ ही उद्घोषणा ठाणे-कल्याण मार्गावरच्या प्रवाशाला पाठ असते; पण नुसते ‘तांत्रिक’ म्हटले तर डोळ्यांपुढे जटाधारी साधक उभा राहतो. म्हणून या लेखात मंत्रविद्येसाठी ‘जादू’ आणि यंत्रविद्येसाठी ‘तंत्रज्ञान’ हेच शब्द योजले असून, त्या मार्गांनी जाणाऱ्या पात्रांना अनुक्रमे ‘जादूगार’ आणि ‘तंत्रज्ञ’ म्हटले आहे. ‘तांत्रिक’ हा शब्द हेतुपुरस्सर टाळला आहे.

पार्श्वभूमी

ट्रोइका ही संस्था टिम केन, लिओनार्ड बॉयार्स्की आणि जेसन अँडरसन या तिघांनी १९९८ मध्ये स्थापन केली. तिघेही त्याआधी इंटरप्ले या कंपनीत ‘फॉलआउट’ (१९९७) या गाजलेल्या खेळावर काम करत होते. आर्केनम हा त्यांच्या संस्थेचा पहिला खेळ.

आर्केनम हे त्या काल्पनिक भूखंडाचेही नाव आहे. तेथे माणसांबरोबर एल्फ, ड्वार्फ, नोम, हाफलिंग, तसेच ऑर्क आणि ओगर यांची मिश्र संतती राहते. इंग्रजी अद्भुतकथांतून हे लोक वाचकांना ठाऊक असतात. परंतु सामान्यतः अशा कथा मध्ययुगातच थांबलेल्या असतात. ट्रोइकाने तेच जग पुढे ढकलून एकोणिसाव्या शतकातील औद्योगिक क्रांतीच्या उंबरठ्यावर आणून ठेवले. टारांट हे कारखान्यांचे, वर्तमानपत्रांचे आणि भुयारी रेल्वेचे महानगर आहे. तर डर्नहोम ही जुन्या कंब्रिया राज्याची राजधानी, जिच्या राजाने यंत्रांना थारा दिला नाही, भग्नावस्थेत पडली आहे. टारांटच्या कारखान्यांत अर्ध-ऑर्क मजूर राबतात आणि त्यांचा असंतोष हा खेळातील एक स्वतंत्र प्रसंग आहे. वाफेचे इंजिन माणसांना मिळाले तेही सरळ मार्गाने नव्हे. गिल्बर्ट बेट्स हा टारांटचा उद्योगपती त्याचा जनक म्हणून मिरवतो. मूळ रचना मात्र त्याने ड्वार्फांकडे पाहिलेली असते.

हे जग ठाण्याच्या वाचकाला फार दूरचे वाटू नये. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी आगगाडी ठाण्यास आली. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित आणि साहिब, सिंध व सुलतान ही तीन इंजिने असा तो थाट होता. पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत गेला. बैल नाही, घोडा नाही, तरी गाडी चालते याचा उलगडा लोकांनी आपल्या ओळखीच्या शब्दांत केला. आगगाडीचे ‘चाक्या म्हसोबा’ हे जुने लोकनाव मराठी लेखनात आढळते. यंत्राकडे दैवत किंवा भूत म्हणून पाहणारा समाज आणि त्याच्या शेतातून जाणारे रूळ, हे दोन्ही एकाच वेळी खरे असण्याचा तो काळ होता. आर्केनमच्या लेखकांनी इंग्लंडचा एकोणिसावा शतकी इतिहास समोर ठेवला. पण त्यांनी रंगवलेला संधिकाल आपल्याकडेही येऊन गेला आहे. फरक एवढाच की त्यांच्या जगात म्हसोबा खरोखरच असतो आणि इंजिनाला तो मानवत नाही.

विरोधाचे स्वरूप

खेळात या विरोधाला एक कारण दिले आहे आणि ते बऱ्यापैकी सुसंगत आहे. तंत्रज्ञान निसर्गनियमांचा उपयोग करून घेते. जादू ते नियम वाकवते. गुरुत्व, घर्षण, उष्णता ही आपापल्या ठरलेल्या रीतीने वागली तरच यंत्र चालते. समर्थ जादूगाराच्या आसपास ती तशी वागतीलच याची खात्री नसते, म्हणून त्याच्या सान्निध्यात यंत्र बिघडू शकते. उलट यंत्रांच्या सहवासात मुरलेल्या माणसाभोवती निसर्गनियम जणू घट्ट होतात आणि मंत्र त्याच्यावर बोथट पडतो. टारांटच्या रेल्वेत प्रखर जादूगाराला तिकीट नाकारले जाते ते याच भीतीने. हा निव्वळ भेदभाव नाही, डब्यातील इतरांच्या जिवाचा प्रश्न आहे. मात्र तिकीट नाकारणारा कारकून जे बोलतो त्यात तिरस्कारही मिसळलेला असतो, ही लेखनातील बारीक नजर दाद देण्याजोगी आहे.

नियमांच्या पातळीवर हे सर्व एका मापकात उतरते. प्रत्येक पात्राची ‘प्रवृत्ती’ मोजली जाते. मापकाच्या मध्यभागी शून्य, एका टोकाला जादूचे १०० आणि दुसऱ्या टोकाला तंत्रज्ञानाचे १००. मंत्र शिकला की काटा एका दिशेने सरकतो. एखादी तंत्रशाखा अथवा बंदूक चालवणे, दुरुस्ती, कुलपे उघडणे आणि सापळे निकामी करणे यांपैकी एखादे कौशल्य वाढवले की तो उलट दिशेने जातो. तलवारबाजी, घासाघीस, जुगार, मनधरणी अशी उरलेली बारा कौशल्ये तटस्थ आहेत. जन्माचाही थोडा हिशेब होतो; एल्फ मुळातच जादूकडे झुकलेले असतात, ड्वार्फ यंत्रांकडे.

या काट्यावर पुढचे बरेच काही ठरते. जादूची तलवार तंत्रज्ञाच्या हाती साधे लोखंड होते. जादूगाराने गुंतागुंतीचे यंत्र वापरले तर ते ऐनवेळी दगा देण्याचा संभव वाढतो. सर्वांत क्रूर नियम उपचाराचा आहे. खेळाच्या आरंभी भेटणारा व्हर्जिल हा सोबती मंत्राने जखमा भरतो, परंतु खेळाडू तंत्रज्ञ असेल तर त्याच मंत्राचा गुण जेमतेम येतो. शत्रूचा मंत्र लागत नाही हा फायदा आणि मित्राचाही लागत नाही हा तोटा, ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत.

घडणगुणांचा हिशेब

पात्राला आरंभी पाच घडणगुण मिळतात. पुढे प्रत्येक पातळीला एक आणि दर पाचव्या पातळीला एक जादा मिळतो. पातळ्या पन्नास असल्यामुळे आयुष्यभराची पुंजी साठाहून थोडी अधिक भरते. शक्ती, चापल्य, काटकपणा, सौंदर्य, बुद्धी, इच्छाशक्ती, आकलन आणि आकर्षण ही आठ मूळ वैशिष्ट्ये, सोळा कौशल्ये, मंत्र आणि तंत्रशाखा हे सर्व याच पुंजीतून वाढवायचे असते. मंत्र एकंदर ऐंशी आहेत. म्हणजे दुसरे काहीही न घेता केवळ मंत्रच शिकायचे ठरवले तरी ते पुरे होत नाहीत. पुंजीची ही चणचणच खेळाडूला निवड करायला लावते.

जादूगार

जादूच्या सोळा शाखा असून प्रत्येकीत पाच मंत्र चढत्या क्रमाने आहेत. पृथ्वी, आप, तेज व वायू या चार महाभूतांच्या शाखा मराठी वाचकाला परक्या वाटणार नाहीत. आकाशतत्त्व तेवढे नाही. त्यांखेरीज गमन, दर्शन, मन, रूपांतर, निसर्ग, आभास, आवाहन, काळ इत्यादी शाखा आहेत. वरच्या मंत्रांसाठी मोठी इच्छाशक्ती लागते, म्हणून जादूगाराचे बरेच घडणगुण तिच्यातच जातात.

मंत्राची किंमत शरीराने मोजावी लागते. प्रत्येक मंत्राने थकवा येतो आणि दम संपला की पात्र जागच्या जागी मूर्च्छित पडते. लढाईत हे मरणापेक्षा फार वेगळे नसते. तरीही आरंभीच्या पातळ्यांवर हा मार्ग सोपा आहे. कृष्ण प्रेतविद्येतील पहिलाच मंत्र, ज्याने शत्रूला थेट इजा होते, एका घडणगुणात मिळतो आणि दीर्घकाळ पुरतो. गमनशाखेच्या शेवटच्या मंत्राने क्षणात दूरच्या गावी जाता येते, काळशाखेच्या शेवटच्या मंत्राने स्वतःचा वेग वाढवून भोवतीचे सारे मंद करता येते. मृतात्म्याला बोलावून त्याच्याकडून माहिती काढण्याचा मंत्र लढाईत निरुपयोगी आहे, पण कथानकात त्याने जी दारे उघडतात ती अन्य कशाने उघडत नाहीत. केवळ युद्धाचा विचार करणारे खेळाडू तो सोडून देतात, ही त्यांची चूक होय.

तंत्रज्ञ

तंत्रशाखा आठ आहेत: वनौषधी, रसायन, विद्युत, स्फोटके, बंदूकनिर्मिती, यंत्रकाम, लोहारकाम आणि औषधयोजना. प्रत्येकीत नवशिक्यापासून डॉक्टरपर्यंत सात पदव्या असून प्रत्येक पदवीबरोबर एका वस्तूचा आराखडा मिळतो. येथे इच्छाशक्तीऐवजी बुद्धी लागते. काही आराखडे विकत किंवा शोधून मिळवावे लागतात आणि त्यांतील कित्येकांना दोन शाखांचे ज्ञान एकत्र यावे लागते.

तंत्रज्ञाची शक्ती त्याच्या अंगात नसते, झोळीत असते. आराखडा ठाऊक असला तरी दोन घटक हाती आल्याखेरीज वस्तू बनत नाही. गिंका नावाचे मूळ आणि कडूरा नावाचा देठ एकत्र केल्यास जखमेवरचा लेप होतो; इंधन आणि चिंधी मिळाली की आगीची बाटली. त्यामुळे तंत्रज्ञाचे निम्मे आयुष्य दुकाने धुंडाळण्यात आणि कचरापेट्या उपसण्यात जाते. भंगारातून वस्तू उभी करणाऱ्या कारागिराला यात कमीपणा वाटणार नाही. राजपुत्राच्या कथेची अपेक्षा ठेवून आलेल्या खेळाडूला मात्र वाटतो. ओझे वाढते, गोळ्या संपतात, पैसा पुरत नाही. आरंभीच्या बंदुका तर दुबळ्याच आहेत. परंतु चिकाटीने पुढे गेलेल्या तंत्रज्ञाला स्फोटके, विजेची आयुधे आणि शेवटी यांत्रिक कोळ्यासारखे सहायक लाभतात, शिवाय शत्रूचे मंत्र त्याच्यावर फारसे चालत नाहीत.

मधला मार्ग

थोडी जादू आणि थोडे तंत्रज्ञान घेणाऱ्या पात्राचा काटा शून्याजवळ घुटमळतो. त्याचे मंत्र क्षीण राहतात, वरच्या पदव्यांसाठी गुण उरत नाहीत. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण अशा पात्राला चपखल बसते. याहून निराळा असा एक तटस्थ मार्ग आहे, तो दोन्ही नाकारण्याचा. केवळ तलवार, चपळाई आणि बोलणे यांवर उभे राहिलेले पात्र खेळ उत्तम प्रकारे पूर्ण करू शकते. आकर्षण वाढवून अधिक सोबती जमवता येतात. बुद्धी फार कमी ठेवल्यास पात्राचे सर्व संवाद बदलून ते मंदबुद्धी माणसासारखे बोलू लागते. लेखकांनी एवढ्या दुर्मीळ निवडीसाठी वेगळे संवाद लिहिले, हे श्रम थोडे नव्हेत.

समतोलावरील टीका

दोन मार्ग तुल्यबळ नाहीत, ही या खेळावरील जुनी टीका आहे. जादूला सामग्री लागत नाही, तिचा प्रभाव लवकर मिळतो आणि वेगवान लढाईत ती वरचढ ठरते. आळीपाळीने लढण्याची सोयही खेळात असून ती निवडल्यास तंत्रज्ञाला थोडा श्वास मिळतो. लढाईची एकूण रचना ढिसाळ असल्याचे आणि प्रकाशनसमयी खेळात पुष्कळ दोष राहिल्याचे समीक्षकांनी तेव्हाच नोंदवले होते. ही टीका रास्त आहे. मात्र दोन्ही मार्ग मोजून समान केले असते तर तंत्रज्ञाच्या वाट्याला आलेला खटाटोप उरला नसता आणि ज्या जगात यंत्र नुकतेच येत आहे तेथे तो खटाटोपच खरा वाटतो.

कथानकातील स्थान

खेळाचा आरंभ एका हवाई जहाजाच्या अपघाताने होतो. त्यातून वाचलेला एकटा प्रवासी म्हणजे खेळाडू. मरणोन्मुख नोम त्याला एक अंगठी देतो आणि तो प्राचीन एल्फ नसरुद्दीनचा पुनर्जन्म असल्याचे व्हर्जिल मानतो. पुढे कथा खाणींतून, कारखान्यांतून, एल्फांच्या अरण्यातून आणि वाळवंटातील तुल्ला या जादूगारांच्या नगरीतून जाते. वेंडिग्रोथ या लयाला गेलेल्या नगरीचे अवशेष सांगतात की तंत्रज्ञान आर्केनममध्ये प्रथमच आलेले नाही. पूर्वीही ते पराकोटीला पोहोचून नष्ट झाले होते. तेथील एक उपकरण जादूची शक्तीच हिरावून घेते आणि अंतिम प्रतिस्पर्धी केर्गन या प्रेतविद्येच्या उपासकाविरुद्ध ते कामी येते. केर्गनचा पक्ष असा की जगणे हेच दुःख असून सर्व जीवसृष्टीला त्यातून सोडवावे. त्याच्याशी लढता येते, त्याला सामील होता येते, आणि पात्र पुरेसे वाक्पटू असेल तर वाद घालून त्याला निरुत्तरही करता येते. हा शेवटचा मार्ग ना जादूचा, ना यंत्राचा.

नंतरचा काळ

ट्रोइकाने यानंतर ‘द टेम्पल ऑफ एलिमेंटल ईव्हल’ (२००३) आणि ‘व्हँपायर: द मास्करेड – ब्लडलाइन्स’ (२००४) हे आणखी दोनच खेळ काढले. २००५ मध्ये संस्था बंद पडली. आर्केनमबरोबर नवे नकाशे रचण्याचे साधन दिलेले होते. पुढील काळात चाहत्यांनी खेळातील दोष दुरुस्त करणारे अनधिकृत संच तयार केले आणि अलीकडच्या संगणकांवर हा खेळ बहुधा त्यांच्याच साहाय्याने खेळला जातो. जीओजी या संकेतस्थळावर तो विक्रीसाठी उपलब्ध आहे.