‘गेला, परतला नाही’ : आखाती शिक्क्याची कथा

सौदी अरेबियाच्या पासपोर्ट खात्यात परदेशी कामगाराच्या नावापुढे पडणारा एक शेरा आहे : ‘खरज व लम यउद’. बाहेर गेला, परतला नाही. रजेवर जाताना कामगार जाण्यायेण्याचा व्हिसा घेतो. त्याची मुदत संपेपर्यंत तो आला नाही, तर हा शेरा पडे आणि पुढची तीन वर्षे जुन्या मालकाखेरीज कोणाकडेही कामाला त्याला त्या देशात येता येत नसे. आई अंथरुणाला खिळली म्हणून राहिला, की पगार थकला म्हणून वैतागून राहिला, हे लिहायला शेऱ्यात जागा नाही. ही तीन वर्षांची बंदी उठली ती जानेवारी २०२४ मध्ये.

कोकणात आखातातून आलेल्या माणसांच्या बोलण्यात ‘कॅन्सल करून आलो’ आणि ‘तसाच आलो’ हे दोन अगदी वेगळे शब्दप्रयोग आहेत. पहिल्याचा हिशेब झाला, मालकाने सही केली, व्हिसा रद्द झाला. दुसऱ्याचा धागा तिकडे अडकलेलाच राहिला. पुन्हा जायची वेळ आली की तो धागा ओढला जातो, आणि त्याचे दुसरे टोक जुन्या मालकाच्या हाती असते.

हे टोक मालकाच्या हाती कसे गेले? या ‘कफाला’ पद्धतीचे मूळ बहुधा अरबी पाहुणचारात किंवा मोती काढणाऱ्या गलबतांवरच्या कर्जव्यवहारात सांगितले जाते. बहारीनचे अभ्यासक ओमर अल-शेहाबी यांनी मात्र २०१९ मध्ये वेगळी मांडणी केली : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बहारीनमधल्या ब्रिटिश प्रशासनाने परदेशी कामगारांवर नजर ठेवण्यासाठी, खर्च आणि जबाबदारी खासगी माणसांवर टाकत, ही चौकट घडवली. मला ही मांडणी अधिक पटते. परंपरेच्या नावावर खपणाऱ्या कितीतरी गोष्टी कचेरीत जन्मलेल्या असतात. त्या काळात त्या किनाऱ्यावर आपला रुपया चालत असे. १९५९ मध्ये तर रिझर्व्ह बँकेने आखातासाठी खास नोटा काढल्या. पैसा मुंबईचा, पण माणूस तिथे कोणाच्या तरी जबाबदारीवर. त्याच १९५९ साली कुवेतने परदेशीयांच्या निवासाचा कायदा केला; संयुक्त अरब अमिरातीचा कायदा १९७३ चा. दोन्हीकडे एक नियम रुजला : सहा महिन्यांहून जास्त काळ बाहेर राहिलात, तर शिक्क्यावर मुदत शिल्लक असली तरी निवासाचा हक्क सामान्यतः संपतो.

नियम सोपा वाटतो, पण हक्क संपला म्हणजे नोंद मिटली असे नाही. अमिरातीत नवा मालक व्हिसासाठी अर्ज करतो तेव्हा जुनी फाइल उघडी सापडते. मालकाने मधल्या काळात ‘फरार’ अशी तक्रार दिली असेल, तर प्रकरण आणखी चिघळते. गेली काही वर्षे बाहेरून अर्ज करून, उशिराचे कारण सांगून आणि दंड भरून परत येण्याची वाट तिथे खुली झाली आहे. पूर्वी मात्र मालकाची मनधरणी हाच मार्ग होता.

या नियमाची सर्वांत मोठी कसोटी लागली ती २ ऑगस्ट १९९० रोजी. इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि पुढच्या काही आठवड्यांत एक लाखाहून अधिक भारतीय अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानांनी मायदेशी आले. व्हिसा रद्द करून येण्याचा प्रश्नच नव्हता. अनेकांचे पासपोर्टही मालकांच्या कपाटातच राहिले होते. दिवस उन्हाळी रजेचे. जे आधीच गावी आले होते, ते आल्या जागी अडकले. कुवेत मुक्त झाले फेब्रुवारी १९९१ च्या अखेरीस, म्हणजे सहा महिने उलटून गेल्यावर.

यानंतर जे घडले ते मला फार महत्त्वाचे वाटते. संयुक्त राष्ट्रांनी १९९१ मध्ये नुकसानभरपाई आयोग नेमला. त्याच्या ‘अ’ वर्गात २ ऑगस्ट १९९० ते २ मार्च १९९१ या काळात इराक किंवा कुवेत सोडावे लागलेल्यांचे दावे होते, आणि या वर्गात ‘परत न जाण्याचा निर्णय’ही धरला गेला. एकट्याला २५०० डॉलर, कुटुंबाला ५०००. इतर वर्गांत दावा करणार नाही असे मान्य केल्यास ४००० आणि ८०००. पुरावाही साधाच मागितला होता. जगभरातून नऊ लाखांहून अधिक दावे या वर्गात आले. भारतीयांचे दावे परराष्ट्र मंत्रालयाच्या खास कुवेत कक्षातून गेले. जी गोष्ट आखातात एरवी कामगाराचा गुन्हा ठरे, तीच इथे त्याचे नुकसान म्हणून मोजली गेली. तीही बोटांवर मोजता येईल अशा रकमेत.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका घरात मी असा एक पासपोर्ट पाहिला. जुलै १९९० मध्ये रजेवर निघताना मालकाने हातात दिलेला, म्हणून वाचलेला. कुवेतचा निवासी शिक्का त्यावर अजून आहे, रद्दीची खूण नाही. त्याच्या मालकिणीने तो भरपाईच्या कागदांसोबत, रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला आहे. नवरा पुढे नव्या व्हिसावर मस्कतला गेला. “तिथं कुणी कुवेतचं विचारलं नाही,” ती म्हणाली, “पण आम्ही दहा वर्षं घाबरून होतो.”