दुचाकी वाहनांतील आटेपद्धती (अहमदनगर जिल्हा)

दुचाकीतील नट, बोल्ट व स्क्रू यांवरील आटे इंची मापांचे आहेत की मेट्रिक, यावर तिच्या दुरुस्तीसाठी कोणते पाने लागतील हे ठरते. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथे या दोन्ही पद्धती एकाच शहरात शेजारी नांदल्या.

चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आणि वाहन संशोधन व विकास संस्था यांमुळे या शहराचा लष्करी वाहनांशी निकटचा संबंध आहे. भारतीय लष्कराने १९५० नंतरच्या दशकात एन्फील्ड बुलेट ही मोटारसायकल स्वीकारली; १९५५ पासून मद्रास येथे तिची जोडणी होऊ लागली. तिचे आटे ब्रिटिश परंपरेतील होते. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये ५५° कोनाचा आटा सुचविला. त्याच कोनाचा बारीक आटा (बीएसएफ) १९०८ मध्ये आला. सायकल-उद्योगाच्या आट्याचा (सीईआय) कोन मात्र ६०° होता. पाव इंच व्यासाच्या या दोन्ही बारीक आट्यांत इंचाला २६ आटे असल्यामुळे एकाचा नट दुसऱ्यावर चढतो. पण आट्यांच्या बाजू एकमेकींवर पुरत्या टेकत नाहीत व जोड ढिला राहतो.

याउलट, ह. कु. फिरोदिया यांच्या कायनेटिक एंजिनिअरिंगने १९७२ मध्ये बाजारात आणलेली ५० घ. सेंमी.ची लूना ही मोपेड इटालियन प्याज्जो चाओवर आधारलेली, म्हणजे मेट्रिक वळणाची होती. वजने व मापे यांच्या १९५६ च्या कायद्याने बाजारातील गज व शेर गेले. यंत्रभागांचे आटे मात्र कायद्याने बदलत नाहीत. मूळ आराखडा, साचे व सुटे भाग बदलतील तेव्हाच ते बदलतात. म्हणूनच बुलेटवर इंची आटे पुढे कित्येक वर्षे टिकले.

घोटाळा होतो तो जवळपासच्या मापांमुळे. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी. हा व्यास ८ मिमी.च्या इतका जवळ आहे की डोळ्यांना फरक कळत नाही. पण ८ मिमी.च्या नेहमीच्या बोल्टावर दोन आट्यांतील अंतर १.२५ मिमी., तर ५/१६ इंच बीएसएफवर (इंचाला २२ आटे) ते सुमारे १.१५ मिमी. असते. चुकीचा बोल्ट काही आटे आत जाऊन अडतो. तेथे जोर लावल्यास एंजिनाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कवचातील मऊ आटे उतरतात; मग भोक वाढवून नवे आटे पाडावे लागतात. एका बोल्टाच्या किमतीपुढे हा खर्च फारच मोठा होय.

पान्यांचीही तीच गत. व्हिटवर्थ पान्यावरील आकडा जबड्याची रुंदी दाखवीत नाही, बोल्टाचा व्यास दाखवितो. १/४ आकड्याच्या पान्याचा जबडा ०.५२५ इंच, म्हणजे १३.३ मिमी. असतो. त्याच्या नटावर १३ मिमी.चा पाना बसत नाही आणि १४ मिमी.चा घसरून नटाचे कोपरे गोल करतो. घसरता पाना ‘चालवून घेणे’ ही सवय यामुळेच महाग पडते.

इंची आटा दुबळा होता असे मात्र नव्हे. बारीक आटा कंपनांतही चांगली पकड ठेवतो. एकविसाव्या शतकात बुलेटची नवी एंजिने मेट्रिक झाली. जुन्या बुलेटसाठी मात्र दोन्ही पद्धतींचे पाने व आटेमापकाची पाती जवळ असावीत आणि अनोळखी बोल्ट बसविण्यापूर्वी पाते त्याच्या आट्यांवर टेकवून पाहावे.