पाच-पाच मिनिटांचा हिशेब

परवा मी आणि दादा पेण-रोहा वाटेवर जरा आतल्या बाजूला असलेला एक वृद्धाश्रम बघून आलो. तेव्हापासून फोन सुरू आहेत. ठाण्याचे काका, नाशिकची धाकटी आत्या, सगळ्यांचा एकच प्रश्न, "कसा आहे गं?" दादाचं उत्तर तयार असतं. स्वच्छ आहे, जेवण चांगलं आहे, डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात. यातलं काहीच खोटं नाही. पण मला फोनवर धड उत्तर देता येईना. म्हटलं एकदाच सगळं इथे लिहावं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : माईआत्या आता ८१ वर्षांची आहे. गेली तीन वर्षं विस्मृती वाढत चाललीय. दिवेलागण झाली की पिशवी घेऊन दारात उभी राहते आणि "घरी जाते" म्हणते. मागच्या पावसाळ्यात ती रोहा स्टेशनवर सापडली, पेणचं तिकीट मागत होती. पेणला तिचं माहेर. ते घर विकून तीस वर्षं झाली. दादा धाटावच्या कारखान्यात पाळ्या करतो आणि वहिनी कित्येक महिने सलग झोपलेली नाही. तेव्हा "आपल्यात असं करत नाहीत" हे वाक्य कृपया कुणी बोलू नका.

तर वृद्धाश्रम चांगला की वाईट हे ठरवायचं कसं? मी महिनाभर यावर वाचतेय आणि या प्रश्नालाच मोठा इतिहास आहे असं लक्षात आलं.

आपल्याकडे ही कल्पना पाश्चात्त्य आणि अगदी नवी, असं आपण समजतो. पण पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून निराधार, पंगू लोकांसाठी गृह निघालं ते १८६०च्या दशकात. तीच आजची 'निवारा' संस्था. कुणीच नाही त्याला छप्पर आणि दोन वेळचं अन्न, हा त्यामागचा विचार. पुढे सरकारने १९६३मध्ये वृद्धाश्रमांना अनुदानाची योजना आणली, तीही निराधारांसाठीच. १९९५ला 'मातोश्री वृद्धाश्रम' योजना आली. तिच्यात एका आश्रमात शंभर जणांची सोय धरली होती आणि पैसे भरून राहणाऱ्यांनाही जागा होती. मग २००७चा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचा कायदा. त्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, दीडशे गरजू वृद्ध राहतील असा आश्रम असावा असं म्हटलंय आणि वैद्यकीय सेवा, करमणूक यांचा दर्जा राज्य सरकारने ठरवावा असंही. महाराष्ट्राचे नियम २०१०मध्ये झाले.

हे सगळं वाचताना एक गोष्ट जाणवत राहिली. मोजमाप आहे ते माणसांचं, खाटांचं, जागेचं. तपासायला आलेल्या माणसाला वहीत बघून खूण करता येईल असं. ज्याची बुद्धी शाबूत आहे त्याच्यासाठी ते बऱ्यापैकी चालतं, कारण आमटी पाणचट असेल तर तो सांगेल. माईआत्या काय सांगणार? जेवली की नाही हेच तिला आठवत नाही. आणि अशी माणसं थोडी नाहीत. २०२३मध्ये आलेल्या एका मोठ्या पाहणीचा अंदाज आहे की भारतात साठीपुढच्या शंभरातल्या सातांहून अधिक जणांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना, स्मृतिभ्रंश आहे.

मग जी सांगू शकत नाही तिच्या वतीने कुणी बघायचं?

इंग्लंडमध्ये पीटर टाउनसेंड नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकाच्या शेवटी १७३ वृद्धाश्रम पाहिले आणि १९६२मध्ये 'द लास्ट रेफ्यूज' हे पुस्तक लिहिलं. नुसत्या मुलाखती घेऊन तो थांबला नाही. एका जुन्या आश्रयगृहात काही दिवस म्हाताऱ्यांना अंघोळ घालायचं काम त्याने स्वतः केलं. कार्यालयात बसून जे दिसत नाही ते न्हाणीघरात दिसतं! अमेरिकेत १९८७च्या कायद्याने सांगितलं की कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी कुणाला बांधून ठेवायचं नाही, की गोळ्या देऊन गुंगीत ठेवायचं नाही. असा कायदा करावा लागला यावरूनच काय ते समजा.

मला सगळ्यात पटला तो ब्रॅडफर्डचा टॉम किटवुड. त्याची पद्धत साधी. निरीक्षकाने दिवाणखान्यात एका कोपऱ्यात तासन् तास बसायचं आणि दर पाच मिनिटांनी लिहायचं : ही बाई आत्ता काय करतेय, बरी दिसतेय की कष्टी, कुणी तिच्याशी बोललं का, की ती समोर असताना तिच्या डोक्यावरून दुसऱ्याशीच बोललं? त्याचं म्हणणं, मेंदूच्या आजाराइतकंच भोवतालच्या माणसांचं वागणं रुग्णाला खालावतं. आणि ते वागणं दुष्टपणाचंच असतं असं नाही, बहुतेकदा घाईचं असतं. हे वाचून मी थोडी गप्प झाले, कारण आत्याच्या डोक्यावरून बोलणाऱ्यांत मीही आहे.

गंमत म्हणजे या आजाराची सुरुवातही अशाच बघण्याने झाली. १९०१ साली फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर ही ५१ वर्षांची बाई दाखल झाली. डॉ. अल्झायमर तिच्याजवळ बसून प्रश्न विचारत आणि उत्तरं टिपून ठेवत. ती जेवत होती फ्लॉवर आणि मांस. काय खातेस विचारलं तर म्हणाली, पालक. ते कागद १९९५मध्ये पुन्हा सापडले म्हणून आज आपल्याला तिचं ते जेवण माहीत आहे.

तर आता त्या आश्रमाबद्दल. फिरवून दाखवणं झाल्यावर दादा हिशेबाचं बोलायला कार्यालयात गेला आणि मी मोठ्या खोलीत दोन तास बसले. टीव्ही चालू होता, बघत कुणीच नव्हतं. अकरा जणी होत्या. पाऊण तासात एका आजींशी कुणी म्हणजे कुणीच बोललं नाही. पण पलीकडे एक मावशी एका आजींना भरवत होती, प्रत्येक घासाला थांबत, "आजी, आमटी देऊ का भात?" असं विचारत. आजी उत्तर देत नव्हत्या, तरी ती विचारत होती. निघताना तिला विचारलं तेव्हा कळलं की रात्री पंचवीस जणांना ती आणि आणखी एक, अशा दोघीच असतात.

म्हणजे वाईट नाही, पण "चांगला आहे" असं मी म्हणणार नाही. दादाचं आणि माझं ठरलंय ते असं. आता संध्याकाळी सहाला न सांगता जायचं, कारण आत्याची खरी वेळ ती. "घरी जाते" म्हणणाऱ्यांना तिथे दरडावतात, कुलूप लावतात की हात धरून अंगणात एक फेरी मारतात, ते बघायचं. दर महिन्याला वजन घेतात का आणि पडझडीची नोंद ठेवतात का, ते विचारायचं. आणि सोबत कापूस न्यायचा. माईआत्या माझं नाव विसरलीय, पण वाती अजून एकसारख्या वळते. तिच्यापुढे रोज कापूस ठेवायला तिथे कुणी तयार आहे का, हे मला कळायला हवं.

ठाण्याच्या काकांना आणि नाशिकच्या आत्याला विनंती, तुम्हीही एकेक संध्याकाळ या. उद्या तिला तिथे ठेवलंच तर आपल्यातलं कुणीतरी दर आठवड्याला जाऊन बसणार आहे का, हेही त्याच वेळी ठरवू. ते ठरल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.

असो. वहिनी आज दुपारी दोन तास झोपली, मी होते म्हणून.