कुरणावरची पोरकी वासरे

मंडळी, आपल्या गोठ्यात वासराने आईला किती लुचायचे हे आपण ठरवतो. गाईने पान्हा सोडला की वासरू ओढून खुंट्याला बांधायचे आणि धारेला बसायचे. अमेरिकेत मोंटाना, वायोमिंग, डाकोटा या माळमुलखात मांसासाठी पाळलेल्या गाईंची धार कोणी काढीत नाही. सारे दूध वासराचे. सहा-आठ महिने ते आईमागे हिंडते. असे असून काही पशुपालक दोन-तीन महिन्यांचे वासरूच आईपासून तोडतात, आणि मग भर उन्हाळ्यात कुरणावर त्याच्यासाठी आंबोण वाहून नेतात. हा उपद्व्याप कशाला? याचे उत्तर शास्त्रात आहेच, पण त्याआधी इतिहासात आहे.

१८८० च्या सुमारास या मुलखात कुंपण नव्हते, वैरणीची गंजीही क्वचितच. जमीन सरकारची, गवत देवाचे आणि नफा मालकाचा! थंडीतही जनावरांनी बर्फ उकरून पोट भरावे, अशी रीत. १८८६ चा उन्हाळा कोरडा गेला. माळावर जनावरे फार झाली होती. गवत मुळापर्यंत खाल्ले गेले. मागून आली हिमवादळे. बर्फ थोडे वितळून पुन्हा गोठले आणि जमिनीवर काचेसारखे कवच बसले. खालचे गवत कोणाच्या तोंडी लागेना. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट यांचा डाकोटातला कळपही निम्म्याहून अधिक बसला. चार्ल्स रसेल हा तेव्हा मोंटानात गुराखी होता. कळपाचे कसे काय, असे मालकाने विचारले, तेव्हा त्याने पत्रातून एक इवलेसे चित्र धाडले: हाडांचा सापळा झालेली एक गाय, आणि वाट पाहत बसलेले लांडगे. याहून चोख हिशेब कोणत्या दिवाणजीने लिहिला असता?

तेथून गवत कापून साठवणे आणि काटेरी तारेची कुंपणे यांनी जोर धरला. पण पावसाला कुंपण कोण घालणार? १९३४ च्या अवर्षणात सरकारनेच जनावरे विकत घेण्यास सुरुवात केली. ऐंशी लाखांहून अधिक गुरे घेतली गेली. वासराला चार ते आठ डॉलर मिळत. जी चालण्याच्याही लायक नव्हती ती जागच्या जागी गोळी घालून पुरली. १९७२ च्या दुष्काळात दावणीची जोडी मिळेल त्या भावाला ज्यांनी विकली, त्यांना त्या शेतकऱ्यांच्या मनाची कल्पना सांगावी लागणार नाही.

आता वासरू लवकर तोडण्याचे मर्म पाहा. कुरण आटले की दुभती गाय वासरासाठी स्वतःचे अंग झिजवते. रोड गाय वेळेवर माजावर येत नाही, म्हणजे पुढच्या सालचे वासरूही गेले. वासरू तोडले की दूध आटते, गाईची भूक उतरते आणि त्याच गवतावर ती अंग धरते. गाय वाचली, कळप वाचला.

पण वासराचे काय? लहान वासराचे कोठीपोट अजून पुरते वाढलेले नसते. ते वाढते गवत-दाणा खाऊन, पोटात तो आंबून; नुसत्या दुधाने नव्हे. त्यातून उन्हाळा चढला की गवत जून होते, त्यातले प्रथिन घटते. इवल्या पोटात असले गवत ठासून भरले तरी वाढीला पुरत नाही. म्हणून मका, सोयाबीनची पेंड असे काही वरून द्यावे लागते. साधारण शंभर किलोच्या वासराला रोज किलोभर, गरजेप्रमाणे अधिक. मात्र पहिल्याच दिवशी पाटी रिकामी करू नये. एकदम दाणा पडला की पोटात आम्ल वाढते, आणि वासरू हातचे जाते. जाणते पशुपालक आधी काही दिवस त्याला लहान वाड्यात कोंडून गव्हाणीची ओळख करून देतात. पहिले दोन-तीन दिवस ते हंबरत कुंपणाच्या कडेकडेने फिरते, आई पलीकडून ओरडते. मग केव्हातरी भूक जिंकते, शेजारचे वासरू तोंड घालते म्हणून हेही घालते. त्यानंतरच त्यांना कुरणावर सोडायचे, आणि गव्हाण ठेवायची ती पाण्याजवळ, सावलीला.