संचयित फलन व पृच्छांचे एकत्रीकरण

सारण्यांच्या रूपात रचलेल्या माहितीकोशाला, म्हणजेच डेटाबेसला, विचारलेल्या प्रश्नास पृच्छा म्हणतात. काही पृच्छा व त्यांच्या उत्तरांवर करावयाच्या क्रिया एका नावाखाली लिहून माहितीकोशातच साठविल्या आणि ते नाव घेताच उत्तर मिळण्याची सोय केली, म्हणजे संचयित फलन तयार होते. अनेक पृच्छांची उत्तरे अशा फलनात एकत्र करून ती एका सारणीप्रमाणे बाहेर देणे ही आज नित्याची गोष्ट आहे. परंतु तेथवर पोहोचण्यास तीन दशके लागली. या विलंबाचे मूळ दोन भिन्न विचारपद्धतींत आहे : एक गणितातील संचाची व दुसरी संगणकाला पायरीपायरीने आज्ञा देण्याची.

ब्रिटिश गणितज्ञ एडगर फ्रँक कॉड (१९२३–२००३) यांनी आय. बी. एम. कंपनीच्या सॅन होसे येथील संशोधनशाळेत काम करीत असताना १९७० मध्ये माहितीकोशाचे संबंधात्मक प्रतिमान मांडले. तत्पूर्वीच्या माहितीकोशांत एका नोंदीवरून दुसरीवर कसे जावयाचे हे आज्ञावली लिहिणाऱ्यालाच सांगावे लागे. कॉड यांनी माहिती ही पंक्तींचा संच मानली आणि संयोग, छेद, फरक इ. संचक्रिया तिला लावल्या. या क्रियांचे उत्तरही पुन्हा सारणीच असते, त्यामुळे एका पृच्छेचे उत्तर दुसरीला जसेच्या तसे पुरविता येते. दोन उत्तरांचा संयोग करावयाचा तर दोन्हींत स्तंभांची संख्या समान व त्यांचे प्रकार परस्परांशी जुळणारे असावेत, एवढीच अट असते. या प्रतिमानाचे सारे सामर्थ्य या आवृत गुणधर्मात आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

डॉनल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये ‘सीक्वेल’ ही पृच्छाभाषा प्रसिद्ध केली. तीच पुढे ‘एस्‌क्यूएल्‌’ या नावाने रूढ झाली. तीत कॉड यांच्या तत्त्वाला एक मुरड घालण्यात आली. संचात एकच घटक दोनदा येत नाही. परंतु पुनरावृत्त पंक्ती शोधून काढणे खर्चाचे असल्याने साध्या पृच्छेच्या उत्तरात त्या तशाच ठेवल्या जातात. संयोगाची ‘युनियन’ ही आज्ञा मात्र त्या काढून टाकते आणि ‘युनियन ऑल’ ही आज्ञा ठेवते. या विसंगतीवर कॉड यांनी पुढे स्वतःच कडक टीका केली. तिचा व्यवहारातील परिणाम क्षुल्लक नाही. समजा, एका ग्राहकाने एकाच दिवशी दोन शाखांत प्रत्येकी ५०० रुपये भरले आणि दोन्ही शाखांवरील पृच्छांत ग्राहक क्रमांक, दिनांक व रक्कम एवढेच स्तंभ घेतले, तर ‘युनियन’ दोन पंक्तींची एकच पंक्ती करते आणि एकूण भरणा १,००० ऐवजी ५०० रुपये दिसतो. संगणक कोणतीही चूक दाखवीत नाही, कारण त्याच्या दृष्टीने चूक झालेलीच नसते.

आज्ञावल्या माहितीकोशातच साठविण्याची कल्पना व्यापारी स्वरूपात रुजली ती प्रामुख्याने सायबेस या कंपनीच्या १९८७ मधील प्रणालीमुळे. ग्राहक-संगणक व मुख्य संगणक जाळ्याने जोडलेले असल्यामुळे प्रत्येक पृच्छेगणिक होणारी ये-जा यामुळे वाचली. अशी संचयित कार्यपद्धती एकामागून एक अनेक उत्तरे पाठवू शके. पण ती उत्तरे सुटी असत आणि त्यांना दुसऱ्या पृच्छेत सारणीचे स्थान मिळत नसे. ओरॅकल कंपनीने १९८८ मध्ये एडा भाषेच्या धर्तीवर ‘पीएल्‌/एस्‌क्यूएल्‌’ ही भाषा आणली आणि १९९२ मधील सातव्या आवृत्तीपासून तीतील कार्यपद्धती व फलने माहितीकोशात साठविता येऊ लागली. तेथे पृच्छेचे उत्तर ‘कर्सर’ या साधनाने एकेक पंक्ती करून हाताळण्याचा प्रघात पडला. अशा रीतीने जी नोंदीमागून नोंद चालण्याची पद्धत कॉड यांनी दूर केली होती, तीच मागच्या दाराने परत आली.

ही उणीव भरून निघाली ती २००० च्या सुमारास. मायक्रोसॉफ्टच्या ‘एस्‌क्यूएल्‌ सर्व्हर २०००’ मध्ये सारणी परत देणारी फलने आली. ओरॅकलच्या २००१ मधील ‘नाइन-आय’ आवृत्तीत पंक्ती तयार होताच पुढे सोडणारी प्रवाही फलने, तर २००२ मध्ये पोस्टग्रेस्‌क्यूएल्‌ या मुक्त प्रणालीच्या ७·३ आवृत्तीत पृच्छेच्या ‘फ्रॉम’ विभागात सारणीप्रमाणे वापरता येणारी फलने उपलब्ध झाली. एस्‌क्यूएल्‌च्या २००३ च्या मानकानेही त्यांना मान्यता दिली. मायएस्‌क्यूएल्‌मध्ये २००५ साली संचयित फलने आली. परंतु तेथील फलन एकच मूल्य देते, सारणी नव्हे.

पोस्टग्रेस्‌क्यूएल्‌च्या २००८ मधील ८·३ आवृत्तीत ‘रिटर्न क्वेरी’ ही आज्ञा आली. नाव ‘परत दे’ असे असले, तरी ती फलन संपवीत नाही. पृच्छेच्या सर्व पंक्ती साचत असलेल्या उत्तरात भर म्हणून टाकते. तिचा वापर जितक्या वेळा करावा तितक्या पृच्छांची उत्तरे क्रमाने जोडली जातात आणि पुनरावृत्ती काढली जात नाही. म्हणजे परिणाम ‘युनियन ऑल’चाच होतो. मध्ये अटी घालून कोणत्या पृच्छा चालवावयाच्या हे ठरविता येते, ही तिची खरी सोय होय. मात्र संपूर्ण उत्तर तयार होईपर्यंत फलन काहीच बाहेर देत नाही; नेमून दिलेल्या स्मृतिमर्यादेपलीकडील पंक्ती चकतीवर लिहिल्या जातात. मोठ्या उत्तरातील पहिल्या दहा पंक्तीच हव्या असल्या, तरी सर्व श्रम करावे लागतात.

दुसरी अडचण नियोजकाची. पृच्छा कोणत्या मार्गाने सोडवावी हे ठरविणाऱ्या या घटकाला अनेक विधानांच्या फलनातून किती पंक्ती येतील हे आधी कळत नाही. एस्‌क्यूएल्‌ सर्व्हरमध्ये अशा फलनातून एकच पंक्ती येईल असे दीर्घकाळ गृहीत धरले जाई. त्यामुळे लाखभर पंक्ती आल्या की निवडलेला मार्ग अत्यंत मंद ठरे. २०१४ च्या आवृत्तीत हे गृहीतक १०० पंक्तींवर नेण्यात आले. २०१७ च्या आवृत्तीपासून बहुतेक प्रसंगी फलन आधी चालवून, प्रत्यक्ष आलेल्या पंक्ती मोजून मगच उरलेल्या पृच्छेचा मार्ग ठरविण्याची व्यवस्था करण्यात आली.