आठ आण्यांची विश्रांति

मुंबईच्या कापडगिरण्यांत १९२० च्या सुमारास दर पांच मजुरांत साधारणपणें एक स्त्री असे. त्यांपैकीं बहुतेक जणी सूत गुंडाळण्याच्या खात्यांत राबत. बाळंतपण आलें कीं मजुरी बुडे. म्हणून कित्येकजणी दिवस भरत येईपर्यंत यंत्रापाशीं उभ्या राहत. आई कामावर असतां तान्ह्यानें रडूं नये यासाठीं त्याला अफूची बाळगोळी चारण्याची रीत सर्रास होती. मुंबई सरकारनें नेमलेल्या डॉ. बार्न्स या बाईंनीं १९२१-२२ मध्यें पाहणी करून हें सारें नोंदून ठेवलें आहे.

वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें १९१९ सालींच प्रसूतीच्या वेळीं सवेतन विश्रांतीचा ठराव केला होता. तेथें हिंदी मजुरांच्या वतीनें गेलेले ना. म. जोशी यांनीं १९२४ सालीं मध्यवर्ती कायदेमंडळांत तशा आशयाचें विधेयक मांडलें. तें फेटाळलें गेलें. पुढें १९२८ सालीं आसवले यांचें विधेयक मुंबईच्या कौन्सिलांत आलें. त्याला पाठिंबा देतांना डॉ. आंबेडकरांनीं मुद्याला हात घातला. मातेची विश्रांति हें राष्ट्राचेंच हित, तेव्हां तिचा भार मुख्यतः सरकारनें उचलावा. पण स्त्रीच्या श्रमाचा नफा मालक घेतो, म्हणून त्यालाही अंग काढून घेतां येणार नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें.

१९२९ चा कायदा झाला. प्रसूतीच्या आगेमागें कांहीं आठवडे दररोज आठ आणे मिळूं लागले. मात्र ते सर्वस्वीं मालकाच्या खिशांतून. डॉ. आंबेडकरांच्या विचाराचें पहिलें अर्ध बाजूलाच राहिलें. स्वातंत्र्याच्या वेळेपर्यंत गिरण्यांतील स्त्रियांचें प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलें. नवीं यंत्रें व रात्रपाळीची बंदी हीं त्याचीं कारणें खरींच. पण स्त्रीला न नेमण्यास भत्त्याचेंही एक निमित्त मालकांना सांपडलें.

२०१७ च्या दुरुस्तीनें पहिल्या दोन अपत्यांसाठीं ही विश्रांति बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांची झाली. तरी कामगार विमा योजनेबाहेरील नोकऱ्यांत वेतनाचा बोजा मालकावरच ठेवण्यांत आला. आपल्या पदवीधर लेकीसुनांना मुलाखतींत ‘लग्न कधीं करणार?’ असें विचारलें जातें, तेव्हां त्या प्रश्नामागें हाच जुना हिशेब असतो. जन्मास येणारें मूल साऱ्या समाजाचें, आणि खर्च मात्र एकट्या मालकाचा, ही वांटणी आहे तोंवर त्याची खरी किंमत त्या मुलीलाच मोजावी लागणार.