दोन फेऱ्यांमधला धूर

पिंपरी-चिंचवडच्या कारखानदारीचा इतिहास बहुधा १९५४ पासून, हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून सांगितला जातो. पुढे एमआयडीसी आली, भोसरी-आकुर्डी भरली, कारखाने इंद्रायणीपलीकडे चाकणला पोहोचले. या प्रवासात धूर किती झाला, हे शोधताना आपण उपग्रहांच्या नोंदींकडे वळतो.

१९९९ च्या सुरुवातीला ‘इंडोएक्स’ मोहिमेत जहाजे, विमाने आणि उपग्रहांनी मिळून दाखवले, की भारतीय उपखंडावरचे हिवाळी धुरकट हिंदी महासागरापर्यंत पसरते. त्याच वर्षी डिसेंबरात ‘टेरा’ आणि २००२ मध्ये ‘अक्वा’ हे उपग्रह सोडले गेले. त्यांवरचे ‘मोडिस’ उपकरण हवेतले कण सूर्यप्रकाश किती अडवतात हे मोजते आणि सुमारे एक किलोमीटरच्या चौकटीत आगीची उष्णता टिपते. २०११ मध्ये गेलेल्या ‘सुओमी एनपीपी’ने ही चौकट ३७५ मीटरवर आणली.

पंजाबातल्या पेटलेल्या शेतांसाठी एवढी नजर बऱ्याच अंशी पुरते. आपल्या पट्ट्यात मात्र गोदामामागे टायर-प्लास्टिकचा छोटा ढीग जळतो आणि तासाभरात विझतो. शिवाय टेरा अनेक वर्षे साडेदहाच्या, तर अक्वा दीडच्या सुमारास डोक्यावरून जात असे. दिवसा एकदा, रात्री एकदा. हिवाळ्यात धूर जमिनीलगत साचतो तो संध्याकाळी आणि पहाटे, म्हणजे नेमका दोन फेऱ्यांच्या मध्ये. लक्ष्मीपूजनाच्या फटाक्यांचेही तेच. रात्रीच्या फेरीत आग दिसू शकते. पण सूर्यप्रकाशावर अवलंबून असलेले कणांचे मोजमाप होत नाही. २०१३ चा ‘इन्सॅट-३डी’ दर अर्ध्या तासाने चित्र घेई, पण उष्णता टिपणारी त्याची चौकट चार किलोमीटरची. कुदळवाडीची सारी भंगार गोदामे एका ठिपक्यात मावतील!

उपग्रह जमिनीपासून वरपर्यंतची सगळी हवा एकत्र मोजतो. श्वास मात्र आपण तळाशी घेतो. म्हणून २०१३ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या, भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या ‘सफर’ प्रकल्पातील निगडी, भोसरी, आळंदी इथल्या केंद्रांचे मोल मोठे आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडीतली गोदामे पाडली. जमिनीवरची खूणही गेली. उद्याचा अभ्यासक उपग्रहाच्या नकाशावर तिथे आगीचा ठिपका शोधेल. तो नसला, म्हणजे हवा स्वच्छ होती असे त्याने मानू नये. त्यासाठी अग्निशमन दलाच्या वर्दीची नोंदवही, हवा-केंद्रांचे आकडे आणि दवाखान्यांतली खोकल्याच्या रुग्णांची नोंद आज जपायला हवी. गोदामांशेजारी झोपणाऱ्या कामगारांच्या छातीत गेलेल्या धुराचा पुरावा तिथेच सापडेल.